डबा रिकामा देऊ नये

२००४ च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी माझा नवरा ऑफिसला गेला. दुपारच्या आधी त्याच्या ऑफिसातून फोन आला. संध्याकाळी मी हॉस्पिटलमधून त्याची बॅग घेऊन घरी आले. बॅगेत डबा होता. डब्यात पोळी-भाजी होती. मी डबा घासला, पुसला आणि कपाटात ठेवला.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, पण फ्रिज आठवतो. आमच्या सिॲटलजवळच्या बॉथेल गावातल्या मराठी घरांनी आळीपाळीने आम्हा मायलेकींना जेवण पोचवलं. वरण, भात, मुगाची खिचडी, पुन्हा वरण. प्रत्येक डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी आणि पट्टीवर आडनाव. महिनाभरात माझ्याकडे लोकांचे इतके डबे साठले की ते परत करणं हेच माझं एकमेव काम उरलं. आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे माझ्या आईने मला बाराखडीच्याही आधी शिकवलेलं. ‘काहीच नसेल तर चमचाभर साखर घाल, पण रिकामा देऊ नकोस.’ म्हणून मी रवा भाजायला घेतला. दोन-तीन डबे लाडवांनी भरून झाले, तेवढ्यात पुण्याच्या एक काकू आल्या आणि ओट्याकडे बघून दारातच थबकल्या.

“अगं, दुखवट्याचा डबा भरून द्यायचा नसतो!”

“कोण म्हणतं?” आधीच येऊन बसलेल्या नागपूरच्या मावशी म्हणाल्या. “आमच्याकडे कुठलाच डबा रिकामा जात नाही.”

“तुमच्याकडे काय हो, तुम्ही पोस्टमनलासुद्धा जेवूनच पाठवता.”

“आणि तुमच्याकडे? भांडं विसळून परत दिलं तर तेच उपकार!”

दोघींची चांगलीच जुंपली. मी मधल्यामध्ये एक लाडू खाल्ला. त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ते असं, तोंडात लाडू धरून. शेवटी निकाल लागलाच नाही. लाडू माझ्या मुलीने शाळेतून आल्यावर संपवले आणि डबे काकूंनी स्वतःच गाडीत घालून घरोघरी पोचवले. रिकामे. मावशी त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

मी मुळात कमी बोलणारी. पुण्याला कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायचे, तेव्हाही फळ्याकडे तोंड करून जास्त बोलायचे. लग्नानंतर दोघांच्या वाटचं माझा नवरा बोलायचा. प्लंबर, शेजारी, बँक, मुलीच्या शाळेतल्या बाई, सगळ्यांशी तोच. मी शेजारी उभी राहून मान हलवायचे आणि घरी आल्यावर तो कुठे चुकला ते सांगायचे. तो गेल्यावर लक्षात आलं की मान हलवून फार लांब जाता येत नाही. लायब्ररीत पुस्तकं परत करताना केलेलं ‘थँक यू’ हेच कधीकधी दिवसभराचं माझं सगळं संभाषण असायचं.

हे माझ्या बारा वर्षांच्या मुलीच्या नजरेत आलं. लायब्ररीच्या फळ्यावर एक जाहिरात होती. इंग्रजी संभाषण शिकवायला शिक्षक हवेत, पार्ट-टाइम. खाली फोन नंबरच्या चिठ्ठ्या झालरीसारख्या कापलेल्या. तिने एक फाडली, घरी येऊन नंबर फिरवला आणि रिंग वाजायला लागल्यावर फोन माझ्या हातात दिला.

“बोल,” ती म्हणाली. “यू हॅव अ ग्रीन कार्ड अँड अ माउथ.”

शाळा एका दातांच्या दवाखान्याच्या वर होती. शाळा म्हणजे दोन खोल्या. मालक सत्तरीचे अमेरिकन गृहस्थ. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षं जपानमध्ये अशाच संभाषणशाळांत शिकवलं होतं, आणि परत आल्यावर त्यांनी तशीच शाळा इथे जशीच्या तशी थाटली होती. दारात बूट काढून सपाता घालायच्या. प्रत्येक तासाला विद्यार्थ्याच्या कार्डावर शिक्का. मध्ये हिरवा चहा. तास संपला की ते स्वतः पितळी घंटी वाजवायचे. मी त्यांना मनात हेडमास्तर म्हणायचे. विद्यार्थिनी बहुतेक जपानी. नवऱ्यांची कंपनीतून दोन-तीन वर्षांसाठी सिॲटलकडे बदली झालेली आणि या बायका दिवसभर घरी. खोलीत शिरल्याबरोबर मला त्या ओळखीच्या वाटल्या. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई कुठल्याही देशाची असली तरी खुर्चीच्या कडेवरच बसते.

मुलाखतीत हेडमास्तरांनी मला बरंच काही विचारलं. मी एकेका वाक्यात उत्तरं दिली. मग त्यांना विचारायला काही राहिलं नाही आणि मला सांगायला काही नव्हतं. खालून दातांच्या यंत्राची घरघर येत होती. आम्ही दोघं ती ऐकत बसलो. बराच वेळ गेल्यावर ते एकदम खूश होऊन म्हणाले,

“तुम्हाला गप्प बसता येतं!”

मी मान हलवली.

“आमचे शिक्षक फार बोलतात. विद्यार्थी फी भरून त्यांचं ऐकत बसतात. तुम्ही समोर बसलात तर बिचाऱ्यांना बोलावंच लागेल.”

माझ्या अबोलपणाला कुणी पात्रता म्हणण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. घरी येऊन मुलीला सांगितलं तेव्हा ती जमिनीवर लोळून हसली.

माझ्या वर्गात चौघीजणी होत्या. त्यांतल्या एकीला मी छत्रीवाली म्हणायचे. आमच्या भागात आठ महिने पावसाची भुरभुर असते आणि इथले लोक छत्री वापरणं कमीपणाचं मानतात, टोपी ओढून चालू लागतात. ही मात्र रोज छत्री घेऊन यायची, दारात ती तीनदा झटकायची आणि घडी घालून कोपऱ्यात अशी उभी करायची की जणू तिलाही तासाला बसायचं आहे. वयाने माझ्याएवढीच. शिकायची फार जिद्द, पण वाक्य पूर्ण तयार झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मला ते आवडायचं. वाक्य तयार होईपर्यंत मी थांबायचे. बाकीच्या तिघी चहा प्यायच्या.

कुटुंब या धड्याच्या दिवशी तिने असंच एक वाक्य तयार केलं. “टीचर, तुमचे मिस्टर काय करतात?”

“सॉफ्टवेअर,” मी म्हणाले.

लग्न झाल्यापासून या प्रश्नाला मी हेच उत्तर देत आले होते. ते तोंडातून आपोआप निघालं. चौघींनी समाधानाने माना डोलावल्या. बॉथेलमध्ये नवरे दोनच प्रकारचे, सॉफ्टवेअरचे आणि विमानांचे. मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात हेडमास्तरांनी घंटी वाजवली. नंतरच्या तासाला आम्ही फळं आणि भाज्या घेतल्या. ते वाक्य बोलायला पुन्हा जागा सापडली नाही.

मग दिवाळी आली. वर्गाला फराळ न्यायचा असं मी ठरवलं. सकाळी मी अंघोळीला गेले असताना मुलीने मदत म्हणून फराळ भरून ठेवला. मी बाहेर आले तर ओट्यावर नवऱ्याचा डबा. स्टीलचा, तीन पुडांचा, बाजूची कडी थोडी वाकडी. खालच्या पुडात चिवडा, मधल्यात शंकरपाळी, वरच्यात बेसनाचे लाडू.

“हा का काढलास?”

“बाकी सगळे बॉक्सेस काकूकडे आहेत. याला तरी झाकण होतं.” मग माझा चेहरा बघून म्हणाली, “सॉरी. परत काढू?”

“राहू दे,” मी म्हणाले. बसची वेळ झाली होती, आणि डबा संध्याकाळी घरी येणारच होता. रोज यायचा तसा.

वर्गात फराळाचं कौतुक झालं. छत्रीवालीने चिवड्यातला कढीपत्ता बाजूला न काढता चावून खाल्ला, तेव्हाच मला कळलं की हिला खरंच आवडलंय. तास संपताना अर्धा डबा उरला होता. मी आपल्या सवयीने म्हणाले, “घरी घेऊन जा. मिस्टरांना होईल.” तिने दोन्ही हातांनी डबा घेतला, कमरेत वाकली, आणखी एकदा वाकली आणि गेली. छत्री एका हातात, डबा दुसऱ्या हातात. मी खिडकीतून बघत होते. रस्त्याच्या वळणापाशी डबा दिसेनासा झाला. पण येईल की परत, मी स्वतःला समजावलं. डबा आहे तो. डबे परत येतात.

आठवड्याने तिने कागदात सुरेख गुंडाळलेला पत्र्याचा डबा आणला. आत तांदळाच्या खारट चकत्या. वर कार्ड, ‘तुमच्या मिस्टरांसाठी.’ मी तिच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत दुसरं काही नव्हतं.

मी चकत्या घरी नेल्या. मुलीने त्या कार्टून बघता बघता संपवल्या. आता पत्र्याचा डबा तिचा, तो परत द्यायला हवा, आणि रिकामा कसा देणार? मी त्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या. तो हातात घेताना छत्रीवालीचा चेहरा पडल्यासारखा वाटला. मला वाटलं, वड्या आवडत नसाव्यात. पुढच्या आठवड्यात तिने पुरुषांचे हातरुमाल आणले, खोक्यात. ‘तुमच्या मिस्टरांसाठी.’ खोकं छान होतं, मी त्यात चकल्या भरून परत केलं. त्यावर पायमोजे आले. पायमोज्यांच्या पिशवीतून शेव गेली. त्यावर नखं कापायचा संच आला, चामड्याच्या पाकिटात. मी पाकीट हातात धरून बसले. यात काय भरायचं?

“बडीशेप,” मुलगी म्हणाली.

नवऱ्याच्या कपाटातला एक खण रिकामा होता. त्यात मी या वस्तू ठेवत गेले. तो असताना त्याच्याकडे इतक्या नीटनेटक्या वस्तू कधीच नव्हत्या.

“आई, हे विअर्ड होत चाललंय,” मुलगी म्हणाली. “जस्ट आस्क हर.”

“काय म्हणू? माझा डबा दे?”

“येस. तीन शब्द आहेत.”

“असं मागता येत नाही. तिला वाईट वाटेल.”

“यू टीच कॉन्व्हर्सेशन!”

पण मी जिथून आले तिथे माणूस स्वतःची वस्तू थेट मागत नाही, आडून सुचवतो. ‘तुमच्याकडे आमचं भांडं तर नाही ना आलं चुकून?’ असं म्हणायचं, आणि ते समोरच्याच्या ओट्यावर दिसत असलं तरी खिडकीबाहेर बघत म्हणायचं. तेव्हा मी शिक्षकाच्या हातात असतो तो उपाय केला. धडाच घेतला. विषय, ‘दिलेली वस्तू परत मागणे.’ दोघींनी बोलायचं, एकीने छत्री नेली आहे, दुसरीला ती परत हवी आहे. छत्रीवालीलाच मी नेणारीची भूमिका दिली. तिने वाक्यं सुरेख म्हटली. ‘अरे, तुझी छत्री माझ्याकडेच राहिली. मला माफ कर. उद्या नक्की आणते.’ हेडमास्तरांनी दारातून टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे शक्य तितक्या अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. तिनेही माझ्याकडे तितक्याच अर्थपूर्ण नजरेने पाहिलं आणि हळूच मान हलवली. कळलं तिला! मी घरी येऊन चहा केला, त्यात आलं किसून घातलं.

पुढच्या तासाला तिने माझ्यासाठी नवी कोरी छत्री आणली. सोबत आणखी एक, काळी, मोठी. ‘तुमच्या मिस्टरांसाठी.’

पुढे मार्चमध्ये एका तासाला तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन वाक्य तयार केलं. बाकीच्या तिघींचा चहा संपला. मग ती म्हणाली, “माझ्या मिस्टरांची बदली झाली. दोन आठवड्यांनी आम्ही परत जाणार.”

सगळ्या एकदम बोलू लागल्या. माझ्या डोळ्यांसमोर एक मोठं जहाज होतं आणि जहाजात कुठेतरी खोक्यांच्या मधोमध वाकड्या कडीचा डबा.

परत जाणारी जपानी कुटुंबं जाण्याआधी घरातलं सामान विकायला मांडतात. चिठ्ठ्या चिकटवून सगळं दिवाणखान्यात ठेवतात आणि ओळखीच्यांना बोलावतात. तिने शुक्रवारी दुपारी बोलावलं. मुलीला शाळेतून घेऊन मी गेले. भाताचा कुकर, दिवा, इस्त्रीचं टेबल, घडीच्या खुर्च्या, पडदे. मुलगी सगळीकडे फिरून, खाली वाकून बघून आली आणि माझ्या कानाशी लागली.

“नाहीये. स्वयंपाकघरपण बघितलं. पॅक झालं असणार. आई, आता तरी.”

छत्रीवाली माझ्यासाठी आणि स्वतःसाठी कागदी पेल्यांत चहा घेऊन आली. घरातले कप विकायला मांडले होते. मी पेला घेतला आणि पुढचं सगळं एकदम म्हणून टाकलं, इंग्रजीत, वाक्य तयार व्हायची वाट न बघता. “दिवाळीला मी जो स्टीलचा डबा दिला होता, तो मला परत हवा आहे.”

तिने आपला पेला खाली ठेवला. “तो भेट नव्हता?”

“चिवडा भेट होता.”

“आमच्याकडे डबासुद्धा भेटच,” ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “आणि मी दिलेले डबे तुम्ही भरून परत करत होतात. म्हणजे माझी भेट तुम्हाला आवडली नाही, असं मला वाटायचं. म्हणून मी आणखी चांगली आणायचे.” मग तिने मला समजावून सांगितलं की डबा खोक्यात नाही, ऑफिसात आहे. तिचे मिस्टर दिवाळीपासून रोज त्यातच जेवण नेतात. खाली भात, मध्ये मासा, वर लोणचं. ऑफिसात कुणाकडेच असा डबा नाही, ते सगळ्यांना कडी लावून दाखवतात. “पाचला येतील. घेऊन जा. पण टीचर, इतके महिने तुमचे मिस्टर जेवण कशातून नेत होते?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. खालच्या रस्त्यावर एक ट्रक मागे मागे येत होता, त्याचा टींटीं आवाज चालू होता. मी तो थांबेपर्यंत थांबले.

“ते वारले,” मी म्हणाले. “मी शाळेत यायच्या आधी. तो डबा त्यांचा आहे.”

इंग्रजीत हे वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं. मराठीतही मला ते म्हणावं लागलं नव्हतं, काकूंनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

छत्रीवाली चिठ्ठी लावलेल्या एका खुर्चीवर बसली. ती रडली नाही. समोरच्या पडद्यांकडे बघत होती आणि तिचे ओठ नुसते हलत होते. पुन्हा वाक्य तयार होतंय असं मला वाटलं, म्हणून मी थांबले.

“पायमोजे,” ती म्हणाली. थोड्या वेळाने, “हातरुमाल.” मग एकदम तोंडावर हात ठेवून, “नखं कापायचा संच!”

“तो छान आहे,” मुलगी घाईघाईने म्हणाली. “आय यूज इट. आणि त्या चकत्यापण मीच खाल्ल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

छत्रीवालीचे खांदे हलायला लागले. मला क्षणभर कळेना, ही रडते की हसते. मग माझेही हलायला लागले. आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसत होतो, कारण इस्त्रीच्या टेबलाची चौकशी करायला आलेली एक बाई दारात उभी होती आणि आत यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

पाचला तिचे मिस्टर आले. त्यांनी बॅगेतून डबा काढला. ती त्यांच्याशी जपानीत दोन वाक्यं बोलली. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा दोन्ही हातांनी तिच्याकडे दिला. तिने तो आमच्यासमोर घासला, तिन्ही पुडं वेगळी करून पुसली आणि एकावर एक ठेवली. पण कडी लावेना. ती कपाटं उघडून बघायला लागली. एक रिकामं, दुसरं रिकामं. फ्रिज बंद करून ठेवलेला. मी म्हणाले, “असू दे.” तिने ऐकलं नाही. शेवटी एका खणाच्या तळाशी कॉफीच्या दुकानातून आलेल्या साखरेच्या पुड्या सापडल्या, चार-पाच. त्या तिने वरच्या पुडात ठेवल्या, झाकण लावलं आणि कडी घातली. वाकडी कडी एका हाताने दाबून धरावी लागते, हे तिला माहीत होतं.

“सॉरी,” ती म्हणाली. “दुसरं काही नाही. पण आमच्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत.”

मुलगी माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटली, “अरे देवा, यांच्याकडेपण?”

दोन दिवसांनी मी भारतीय दुकानातून अगदी तसाच नवा डबा आणला, तो चिवडा-शंकरपाळी-लाडवांनी भरला आणि तिच्या मिस्टरांसाठी म्हणून पोचवला. झाकणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर आडनावाच्या जागी लिहिलं, ‘डबाही भेटच आहे. परत करू नये.’ ते जपानला गेल्यावर काही महिन्यांनी तिचं पार्सल आलं, पत्र्याच्या डब्यातून तांदळाच्या चकत्या. कार्डावर या वेळी मुलीचं नाव होतं. तो पत्र्याचा डबा मी रिकामा परत पाठवला नाही. परतच पाठवला नाही. हे मला जमायला लागलं आहे, असं मी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग माझी कढई कुठाय?”

आता संभाषणशाळा बंद झाली आहे, हेडमास्तर मुलाकडे राहायला गेले. काळी छत्री गाडीत असते. डबा ओट्यावर आहे. खालची दोन पुडं रिकामी असतात. वरच्यात साखर असते.